हरळी धरेपर्यंत

सर,

आपलं मैदान झालं. पोरांची अकादमी सुरू झाली, त्यालाही आता बरीच वर्षं होऊन गेली. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. क्लबातले तुमच्या वेळचे लोक एकेक करून गेले, उरलो मी, म्हणून मीच लिहायला बसलोय. सातवीत शाळा सोडलेल्या माणसानं पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडलं नसतं. माझं वाकडं अक्षर तुम्ही फळ्यावर काढून दाखवायचात आणि वर्ग हसायचा. ते हसणं अजून कानात आहे, म्हणून प्रत्येक ओळ झाली की मागं जाऊन बघतो, वेलांटी बरोबर पडली का. मेलेल्या माणसाची भीती वाटायचं हे वय नाही. तरी वाटते.

जालना जिल्हा झाला त्या साली आपल्या फुटबॉल क्लबाला एमआयडीसीच्या मागची जागा मिळाली. नुसता मुरूम. एका अंगाला रोलिंग मिलांचा धूर, दुसऱ्या अंगाला बियाण्याच्या कंपनीची भिंत. कमिटीतले सगळे म्हणत होते, दगड वेचू, रूळ फिरवू, गोलाचे खांब ठोकू आणि पोरांना खेळू देऊ. राहायच्या खोल्या होतील तेव्हा होतील. तुम्ही मधोमध उभे राहिलात, पँट वर ओढलीत आणि तुमचा गुडघा दाखवलात. तरुणपणी मुरमावर पडून तुमचा खेळ संपला होता, तो पाय पुढं जन्मभर वाकडाच पडायचा. "माझ्या मैदानावर एक पोरगं दगडावर पडणार न्हाई," तुम्ही म्हणालात. "आधी घास, मंग खोल्या, मंग पोरं." तुमच्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. मला तर तेव्हा ते फार मोठं बोलणं वाटलं होतं.

गवत आणायचं काम माझ्याकडं आलं. मिलमध्ये चिमट्यानं लाल सळया ओढायच्या आणि सुट्टीच्या दिवशी तीर्थपुरीकडच्या आमच्या शेतातून हरळीच्या मुळ्या पोत्यात भरून आणायच्या. माझे वडील बांधावर बसून बघायचे. त्यांचं सगळं आयुष्य ती हरळी काढण्यात गेलं होतं. कुदळीनं खोल खणायची, मुळ्या वेचून उन्हात टाकायच्या, आणि पुढच्या पावसाला ती पुन्हा वर. ते म्हणाले, "माझी कंबर गेली हे उपटण्यात, आन् तू पोते भरून न्हेऊन राह्यला लावायला? तुझ्या सरला म्हणाव, आमच्याच वावरात ये खेळायला. बिलकुल फुकट." मी ते तुम्हाला हसत हसत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत.

शेतात काही केल्या मरत नाही ती हरळी मुरमावर काही केल्या जगेना. पहिली बोअर कोरडी गेली, दुसरीला पावसाळ्यापुरतं पाणी. टँकर बोलावला की वस्तीतल्या बाया घागरी घेऊन आधी उभ्या. त्यांना नाही म्हणून ते पाणी गवताला घालणं माझ्यानं होईना. तुम्ही त्यांच्यादेखत मला म्हणालात, "सातवी नापास माणसाला दया कळते, खेळ कळत न्हाई." खोल्यांच्या भिंती दारांच्या उंचीपर्यंत आल्या आणि थांबल्या, कारण गवत धरल्याशिवाय पुढचं काम काढायचं नाही असा तुमचा हुकूम. आत वेड्या बाभळी उगवल्या. एक कमिटी गेली, दुसरी आली, तिनं पुन्हा नारळ फोडला. पोरं तारेच्या कुंपणाबाहेर रस्त्यावर खेळायची, टेम्पो आला की बाजूला व्हायची, गेला की पुन्हा चेंडू टाकायची. दर दसऱ्याला तुम्ही सांगायचात, पुढचा दसरा मैदानावर. पोरं थांबत नाहीत, सर. त्यांना मिसरूड फुटतं.

माझा पोरगा तुम्हाला आठवत असेल. डाव्या पायाचा. असा डावा पाय या भागात झाला नाही, हे तुमचंच बोलणं. एकदा त्याचा चेंडू कुंपणाच्या आत गेला आणि तो चपला बाहेर काढून, चवड्यांवर चालत, हरळीच्या ओळींमधून आत शिरला. तुम्ही त्याला सोडून माझ्याकडं वळलात. "तुझा हाय ना? तूच काढ." मी हातातली नळी टाकली आणि त्याला मानगुटीला धरून बाहेर काढलं. देवळाबाहेर ठेवतात तशा त्या चपला तारेपाशी नीट एकीला एक लावून ठेवलेल्या. त्या मला अजून दिसतात.

त्याच साली बाहेरगावच्या खेळाच्या वसतिगृहातून पोरं निवडणारी माणसं आली. शाळेच्या पटांगणात त्यांनी एक सकाळ खेळ बघितला आणि त्याला निवडलं. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिकडंच. चौदाच्या आत घेतो, नंतर नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी तुम्ही आमच्या ओट्यावर आलात. चहा घेतला नाहीत. यंदा हरळीनं धरलंय, म्हणालात, आणि ते खरं होतं. त्या वर्षी पाऊस बराबर झाला होता आणि कोपऱ्याकडून हिरवं पुढं सरकत होतं. "पुढच्या दसऱ्याला अकादमी. पहिला पोरगा हा. दुसऱ्याच्या दारात धाडशील तर मला तोंड दाखवू नको." आतून माझी बायको म्हणाली, "सर, तुमचं गवत पुढच्या साली बी येईल. ह्याला चौदावं लागून राह्यलंय." तुम्ही तिच्याकडं न बघता मला विचारलंत, "तुझ्या घरात कोण बोलतं?" मी तिला गप्प केलं. पोरगा दाराआड उभा होता. त्याला आम्ही धाडलं नाही.

तो दसरा यायच्या आधीच तुम्हाला लकवा मारला. पाठोपाठ पावसानं डोळे वटारले आणि कमिटीनं तारा काढून मैदान जनावरांच्या छावणीला दिलं. भुकेलं जनावर पानावर थांबत नाही, मुळीपर्यंत जातं. मी तुम्हाला भेटायला आलो तर तुम्ही खाटेवर, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात चादरीवर मेल्यासारखा. तुमच्या तोंडून एकच शब्द निघाला, "घास?" मागं उभ्या असलेल्या तुमच्या घरच्या बाईंनी मला हातानं खूण केली, चांगली हाय म्हणा. मी म्हणालो, "जनावरांनी खाल्ली, सर. मुळासकट. तिथं आता नुसतं शेण हाय." तुम्ही तोंड भिंतीकडं फिरवलंत. पुढचा पाऊस तुम्ही बघितला नाहीत आणि बाईंनी मला पुन्हा घरात घेतलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून मी सांगितलं. माझ्या पोराला तेव्हा पंधरावं लागलं होतं आणि वसतिगृहवाल्यांनी हात वर केले होते. पुढं तो माझ्याच मिलमध्ये लागला. डाव्या पायावर भाजल्याचा लांब पट्टा आहे. मिलमधल्या सगळ्यांनाच असा एखादा असतो.

मग कितीतरी वर्षांनी नवी कमिटी आली, तरुण पोरांची. त्यांनी बाभळी तोडल्या, त्याच भिंतींवर स्लॅब टाकला, मुरमावर रूळ फिरवला, तारा पुन्हा ओढल्या आणि खांब ठोकले. दिवाळीनंतर काम काढलं आणि संक्रांतीला अकादमी चालू. मी भीत भीत गवताचं विचारलं. सेक्रेटरी हसला. "काका, हितं प्यायला पाणी न्हाई, आन् गवत कुठून आणू?" एवढंच होतं ते काम, सर. रूळ तर आपल्याकडं पहिल्या दिवसापासून होता.

पहिल्या दिवशी माझा पोरगा पाळी संपवून तसाच आला, अंगावर मिलची काजळी. फाटक उघडं होतं तरी तो बाहेरच तारेला धरून उभा राहिला. मी शेजारी. मला सारखी धास्ती, कुणी पडेल. आणि पडलंच एक पोरगं, चांगलं फरफटत गेलं, गुडघा सोलला, रक्त आलं. त्यानं त्यावर माती दाबली, शिवी दिली आणि चेंडूमागं पळालं. कुणी खेळ थांबवला नाही. माझा पोरगा बराच वेळ त्या गुडघ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, मी बी पडलो असतो की." आणि सायकल घेऊन घरी गेला.

मैदानाला तुमचं नाव द्यायचं का, असं त्यांनी मला विचारलं होतं, जुना माणूस म्हणून. मी म्हणालो, नका देऊ. हेही तुम्हाला कळलेलं बरं. बाई असत्या तर हे पत्र त्यांच्या हातात दिलं असतं, वाचतात की फाडतात ते बघायला. त्याही गेल्या. आता हे पेटीत पडून राहील.

मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे, तिचा नळ गळतो. तिथं आपली आपण हरळी आलीय. कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही. आमच्या शेतातलीच मुळी असणार, जनावरांच्या तोंडून कुठं तरी उरलेली. मी रोज सकाळी खुरपं घेऊन जातो आणि ती उपटून टाकतो. पोरांना शिकवणारा मला नमस्कार करतो. त्याला वाटतं, म्हातारा मैदानाची सेवा करून राह्यलाय. काल मात्र त्यातला एक फुटवा मी राहू दिला. घरी सांगितलं, हात दुखत होता. हात दुखत नव्हता.