अडखळणारे आकडे

३ मार्च

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

शाळेने हाकललेला तुझा दीर आता दादाच्या कारखान्यात लिफ्टचे मेंदू जोडतो. हस पोटभर.

दादाच्या हाताखालच्या इंजिनियर बाई मला शिकवतात. सर्किटच्या पाटीवर मेंदू एक, कामं अनेक: दार, दिवे, मजल्याचे आकडे, ब्रेक. पाळी कुणाला कधी, ते दादाचा प्रोग्रॅम ठरवतो. ब्रेक पहिला, बाकीच्यांनी थांबायचं, हा त्याचाच नियम. तरी वर्षापूर्वी चाचणीत दादा लिफ्टखाली सापडून गेला तो स्वतःच्याच चुकीने, असं सगळे म्हणतात. मला पटेना.

काल त्या लिफ्टची पाटी कपाटातून काढून चालवली. मजला बदलताना ब्रेक पापणी लवेल इतका उशिरा लागतो! पाळीत आकड्यांना ब्रेकच्या पुढे नेलंय. बदलांच्या वहीत सही दादाचीच, पण 'कोणाच्या सांगण्यावरून' हा रकाना कोरा. तो माणूस सापडेपर्यंत घरी येत नाही. पाटी बंद केली तरी डोळ्यांपुढे आकडे पळतात आणि पाचावर थांबतात.

राग कमी, माया जास्त ठेव.

तुझा धाकटा दीर

११ मार्च

चि. भाऊजींस, अनेक आशीर्वाद.

पायाला भिंगरी लावून गेलात, निदान जेवता का वेळेवर?

शोध थांबवा. उद्या कुणा निरपराध्याची मानगूट धराल, म्हणून लिहिते. तुम्ही यांना भेटायला कारखान्यात गेला होतात ना, तेव्हा लिफ्टसमोर हसत म्हणालात, 'आकडे पाचावर अडखळतात, मी धडा वाचायचो तसे.' यांनी मला लिहिलं होतं, धाकटा पुन्हा येईल तेव्हा आकडे सरसर पळाले पाहिजेत.

चूक यांची, भाऊजी. लाडापायी केलेली. रकाना विसरून कोरा राहिला नाही. वर्षभर मीही तो कोराच ठेवला.

घरी या. रागावलेली नाही, हे डोळ्यांनी बघा.

तुमची वहिनी

२ एप्रिल

ती. वहिनीस, सा. न.

तीन आठवडे पेन उचलवेना.

तोच बदल आणखी चार इमारतींत चालू होता. बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ब्रेक पुन्हा पुढे घेतला. त्या कोऱ्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.

आता आकडे अडखळतात. लोक हसतात. हसू देत. काल एका लिफ्टमध्ये एकटाच चढलो. पाचाचा आकडा अडखळला आणि पाठीमागे कुणीतरी दादासारखं हसलं. मी वळून पाहिलं नाही. दार उघडलं, तरी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

शनिवारी येतोय. आहे तशी माया असू दे.

धाकटा