टोपणभर स्पिरिट

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (रागात देते आहे, तरी घे.)

तुझं पार्सल उघडलं आणि डोकंच फिरलं. बाबांनी कोरलेले हे शेवटचे पाच लाकडी मासे. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी सुरी धरलेली नाही. गळाला आमिष म्हणून बांधल्यावर लाकडात पाणी शिरू नये म्हणून वरून इपॉक्सीचा, त्या काचेसारख्या वाळणाऱ्या रसायनाचा, थर दे, एवढंच तुला सांगितलं होतं. त्यात काय ओतलंस? मासे अजून बोटाला चिकटतायत. बाबांनी पेनाने एकेक खवला काढला होता, त्याची शाई ओघळून मासे चिखलात लोळल्यासारखे दिसतात. इपॉक्सीच्या बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या की ते आपोआप पातळ होतं, हे बाबांनी दोघांनाही शिकवलं होतं. पण तू पडलास उंटावरचा शहाणा! अजून बाबांना दाखवले नाहीत. कुठल्या तोंडाने दाखवू?

लोभ तूर्त आहे तेवढाच असू दे.

ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खवळलीस, ठीक. आता माझं ऐक. थर पातळ दे, असं बाबांनीच मला फोनवर सांगितलं, तू कामावर गेली असताना. जाड थराने मासा जड होतो आणि त्यांच्या दुखऱ्या खांद्याने आता तो फेकवत नाही. म्हणाले, ताईला बोलू नकोस, कळलं तर नदीवर जाणंच बंद करेल. स्पिरिटचे चार थेंब घाल म्हणाले होते, मी घाईत टोपणभर ओतलं. ते गाढवपण माझंच. पण एका घरात राहून त्यांना दुखणं तुझ्यापासून लपवावं लागतं, याचाही जरा राग येऊ दे. साधं पडसं झालं तरी तू त्यांना महिनाभर कोंडतेस.

बोलणी खायला तयार असलेला,
धाकटा


दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्यावरचा राग गेला नाही, बाबांवरचा मात्र वाढला. तशीच मासे घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी एकावर अंगठा दाबला, तर ठसा उठला. तुला गाढव म्हणाले आणि मला जेलर. मग मीही भांडले. खांदा दुखतो हे मला सांगायला काय झालं होतं, असं विचारलं. म्हणाले, तुला सांगितलं की माझी एकेक गोष्ट कमी होते.

मी उठून त्यांची सुरी घेऊन आले.

नंतर चिकट थर खरवडत बसलो, म्हणजे मी खरवडत आणि ते ओरडत. खवले मी नव्याने काढले. त्यांच्या मते ते खवले नसून कौलं आहेत. बाटल्या कोमट पाण्यात ठेवून एकच पातळ थर दिला. कडक वाळलाय.

रविवारी नदीवर जायचंय. बाबा बसून सांगणार, फेकणार मी. माझा नेम कसा चुकेल यावर ते आत्तापासूनच चिडलेत. तू गाडी घेऊन ये. वाटेत मी तुझ्याशी बोलणार नाही, बाबांशीही नाही. डबा मात्र तिघांचा करते आहे.

ताई