गव्हातलं पिवळं वर्तुळ

प्रिय बाबा,

काल काटोलजवळच्या वावरातून तुम्हाला फोन लावायला गेले आणि मग आठवलं, तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. बातमी पोटात ठेवायची सवय तुम्ही मला लावलीच नाहीत. म्हणून हे पत्र.

तुमचं दगडांचं वर्तुळ सापडलं! देवरावकाकांच्या वावरातच, तुम्ही म्हणत होता तिथेच.

काकांना तिथे संत्र्याची बाग लावायची आहे. खड्ड्यांची आखणी करायला त्यांनी मला ड्रोन घेऊन बोलावलं. माझ्या या कामाला तुम्ही पतंगबाजी म्हणायचात, आठवतं? तर तो पतंग वर गेला आणि हिरव्या गव्हात मोठी पिवळी कडी दिसली. विहिरीवरची मोटार जळाल्याने यंदा गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं राहिलं होतं. जिथे मातीखाली दगड, तिथला गहू आधी वाळला. वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभं राहून मात्र काहीच कळत नव्हतं.

काका माझ्या हातातल्या पडद्याकडे बघतच राहिले. "मास्तर एवढे वर्ष उन्हात फिरले, मंग त्यायले काहून नाही दिसलं वं?"

कारण मला माहीत होतं. तुमच्या शाळेला सुट्टी उन्हाळ्यात, तेव्हा वावर नांगरलेलं. हिवाळ्यात गेलात तरी धुऱ्यावरूनच परत. दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय टाकायचा नाही, हा तुमचा नियम. आणि दाखवणार होतं ते पीकच!

मला आधी तुमचा रागच आला. गाव 'दगडं मास्तर' म्हणून हसायचं, आई चिडायची, आणि तुम्ही शेवटच्या आजारपणात धंतोलीच्या दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या सिस्टरलाही विचारत होता, "तुमच्या गावाकडे गोल मांडलेले दगड आहेत का हो?" ते आठवून हसू आलं, मग खूप रडू आलं. तुम्ही हे बघायला हवं होतं, बाबा.

काकांना सांगितलं, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं माणूस इथे पुरून भोवती दगड मांडलेत. खड्डे खणले तर सगळं जाईल. काकांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. "तेवढा गोल सोडून लावतो संत्रा. पन गहू निघेपर्यंत कोनाले आत आनू नको बाप्पा."

गहू निघाला की पुरातत्त्व खात्याच्या लोकांना मी स्वतः घेऊन येईन आणि हे तुम्ही शोधलंत म्हणून सांगेन. तोवर धुऱ्यावरच थांबेन. उभ्या पिकात पाय टाकणार नाही, कुणाला टाकूही देणार नाही.

तुमची पतंगवाली,
मीनू