पाववाल्याची हाक

सोमवार, ३ मार्च

नाही, एकटीला भीती वाटत नाही. कुणी विचारलं नाही, तरी सांगून टाकते, मागाहून कटकट नको. राजधानीत भर दुपारी गोळीबार ऐकत डाळ-भात शिजवलाय मी, या डोंगरावरच्या गावात कशाला घाबरू? घर मावसबहिणीचं. ती परदेशात, मी राखायचं. पत्रा नवा, फाटक निळं, मागे नीरफणसाचं झाड. झकास आहे.

कॉफी ठेवली तोच फाटकाशी 'ओने' ऐकू आलं. मी आतून 'रेस्पे' म्हटलं, तेव्हाच गडी आत आला. किती दिवसांनी असं रीतसर: बाहेरच्याने 'ओने' म्हणजे मान म्हणायचं, आतल्याने 'रेस्पे' म्हणजे आदर, मगच पाऊल आत! राजधानीत आता कुणी 'ओने' म्हणत नाही आणि म्हटलं तर कुणी उत्तर देत नाही. हा शेजारचा क्लेर्झे, कसाव्याची भाकरी घेऊन आलेला. माझी कॉफी तोंडाला लावून म्हणाला, मावशी, हिने मेलेला उठेल. मी म्हटलं, मग ठेव कप खाली. मेल्याने अजून एक कप मागितला.

बुधवार, ५ मार्च

वकील नादेजबाई आली. पोरगी हुशार आहे, पण माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तशी हळू बोलते. येत्या चौदा तारखेला न्यायाधीश इथे येऊन माझी जबानी घेणार. तोवर रोज थोडं लिहीत जा म्हणाली, डोकं जागेवर राहतं. माझं आहेच जागेवर.

माझा मुलगा मर्सिद्यू राजधानीत डोक्यावर टोपली घेऊन पाव विकायचा. गल्लीतलं प्रत्येक फाटक त्याच्या 'ओने'ला उघडायचं. टोळीवाल्यांना तेच हवं होतं. त्यांनी त्याला धरलं, हात बांधले आणि एकेका फाटकाशी उभं करून हाक मारायला लावली. लोकांना वाटलं, पाव आला. 'रेस्पे' म्हटलं, कडी काढली आणि मेले. जे वाचले ते आता सांगतात, पाववालाच टोळीचा होता. कोर्टात त्याचं नाव मारेकऱ्यांत आहे. मला ते मेलेल्यांत हवंय. बाकी मला काही नको.

शनिवार, ८ मार्च

दुपारी भांडी घासत होते. 'ओने' आलं. सवयीने 'रेस्पे' म्हटलं आणि ओले हात पुसत गेले. फाटकाशी कुणी नाही. नुसतं ऊन आणि गरम पावाचा वास. क्लेर्झेला झापलं, म्हातारीची थट्टा करतोस? तो आईची शपथ घेऊन म्हणाला, मी शेतावर होतो. आणि पावाचा वास कुठला, म्हणे. गावातली भट्टी बंद पडून जमाना झाला.

सोमवार, १० मार्च

पुन्हा दुपारी. या वेळी फाटकाच्या आतून. शेवट लांबवून म्हटलेलं 'ओनेऽऽ'. तसं एकच माणूस म्हणायचा. मी ताटली धरून उभीच.

क्लेर्झेने कुंपणापलीकडून ऐकलं. म्हणाला, मावशी, तू 'रेस्पे' दिलंस म्हणून ते फाटकाच्या आत आलं. आता परत देऊ नकोस. मी म्हटलं, शहाण्या, माझा मुलगा आहे तो. त्यावर तो म्हणाला, मग त्याच्यामागे उभे आहेत ते कोण?

बुधवार, १२ मार्च

पायरीपाशी आलंय. क्लेर्झे बरोबर बोलला. बुटांचा आवाज येतो, बऱ्याच बुटांचा. मध्ये एक अनवाणी पाऊल.

न्यायाधीशाला हेच सांगायचंय. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे होते. सगळ्यात शेवटी त्याला आमच्या फाटकाशी आणलं. मार हाक, म्हणाले. तो गप्प. तोंडात मारली. तरी गप्प. मग त्याला तिथेच — प्रेतही घेऊन गेले.

आईच्या दाराशी त्याने हाक मारली नाही. म्हणून तो मेला, म्हणून मी जगले. असा पोरगा टोळीचा असतो?

पण मग — मर्सिद्यू माझ्या दाराशी 'ओने' म्हणणारच नाही. मग हे कोण —

शुक्रवार, १४ मार्च

इस्त्रीचा झगा घालून बसले. न्यायाधीश आला नाही. नादेजबाईचा फोन आला. कोर्ट टोळीने घेतलं, कागद जाळले, साहेब देश सोडून गेले. मी फोनवरच सगळं सांगितलं. लिही म्हटलं. ती म्हणाली, लिहिलं मावशी, पण ऐकायला कोण आहे? आणि रडायला लागली. जेवलीस का, विचारलं. दुसरं काय विचारणार.

त्याचं नाव मारेकऱ्यांतच राहिलं.

शनिवार, १५ मार्च

दाराशी. घरभर पावाचा वास. बाहेर बूट, मोटरसायकल चालूच —

'ओनेऽऽ'. त्याचाच आवाज. दमलेला. घसा फुटलेला.

कळलं आता. त्या दिवशी मारली नाही ती हाक ते त्याच्याकडून अजून मारून घेतायत. मेल्यावरही सोडलं नाही — दारोदार —

क्लेर्झे कुंपणावरून ओरडतोय. नको मावशी, बोलू नकोस, नको —

कोर्टाने घेतलं नाही त्याला. कुणीतरी घरात घ्यायला नको?

कॉफी ठेवलीय. 'रेस्पे' म्हणणार आहे. यापुढचं सांगणार नाही. कुणी विचारू नका, मी एक शब्द —