भिंत ऊबदार असल्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
दूरशिक्षण विभाग,
अभ्यासक्रम : ‘विद्युत परिपथाची ओळख’ (ऑनलाइन)

विषय : स्वाध्याय क्र. ३ चे माझे उत्तर संगणकाऐवजी माणसाकडून तपासून मिळणेबाबत. अत्यंत तातडीचे.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांना आलेली, शब्दन् शब्द सारखी असलेली, दोन उत्तरे.

महोदय,

१. मी एका शिवण कारखान्यात एकोणीस वर्षे वायरमन आहे. नव्या व्यवस्थापकांनी वायरमनकडे प्रमाणपत्र हवे असा नियम काढल्यामुळे मी आपल्या अभ्यासक्रमास बसलो. या वयात व्होल्ट म्हणजे काय हे शिकायचे, याचे प्रथम हसू आले. घरच्यांनाही आले. परंतु शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत, हे नमूद करतो. तारा जिथे जुळतात तिथे जितका प्रवाह आत येतो तितकाच बाहेर पडतो, हे त्यांनी तिसऱ्या पाठात सांगितले आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली.

२. स्वाध्याय क्र. ३ मध्ये आपल्या कामाच्या जागेचा एखादा परिपथ मोजून लिहायचा होता. मी कारखान्याचे दोन मजले घेतले. वरच्या मजल्याचा प्रवाह १४ अँपिअर, खालच्याचा १९. दोन्ही एकाच फेजवर. दोघांचा परतीचा प्रवाह मात्र एकाच तारेतून येतो, म्हणजे ३३. ती तार २० अँपिअर पेलणारी आहे व भिंतीत गाडलेली आहे. प्रत्येक मजल्याचा खटका २५ ला पडून वीज तोडतो, म्हणून कोणताच पडत नाही. परतीच्या तारेला खटका नसतो.

३. ही जोडणी कोणी केली, असे आपण विचाराल. मीच केली. आठ वर्षांपूर्वी वरच्या मजल्याची परतीची तार हातभर कमी पडली, दुकान बंद होते, म्हणून मी ती खालच्या मजल्याच्या तारेला जोडली. ‘उद्या बदलू’ असे म्हणालो होतो. हा हात दाखवून अवलक्षण आहे हे मला कळते, तरी लिहितो.

४. मी ३३ हे उत्तर भरले. संगणकाने शेरा दिला : ‘चूक. तारेच्या क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह शक्य नाही. आकडे तपासा.’ शक्य आहे, महोदय. फक्त फार दिवस शक्य नसते. मी पुन्हा मोजले, पुन्हा ३३ भरले, तिसऱ्यांदाही तेच भरले. त्यावर स्वाध्याय चौदा दिवसांसाठी बंद झाला आणि ‘अनुत्तीर्ण’ असा अहवाल थेट व्यवस्थापकांकडे गेला.

५. त्याच दुपारी मी दोन्ही मजले एक दिवस बंद ठेवून नवी तार ओढू द्या, अशी विनंती करण्यास गेलो होतो. त्यांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला व म्हणाले, “बेरीज येत नाही तुम्हाला, आणि कारखाना बंद करायला सांगता?” नंतर कारखान्याची वीज जिथून बंद करता येते त्या पॅनेलची किल्ली काढून घेतली. अग्निशमन कार्यालयातही गेलो. तिथे प्रमाणपत्रधारकाचा अहवाल मागितला.

६. माझी पत्नी वरच्या मजल्यावर शिवते, बरोबर त्या भिंतीला पाठ लावून. गेले दोन हिवाळे ती जागा मिळावी म्हणून बायकांत भांडणे होतात, कारण भिंत ऊबदार लागते. मलाही ती कौतुकाने सांगायची आणि मी, वायरमन, नुसता हसायचो. या गोष्टीची मला फार लाज वाटते. आता मी तिला जागा बदलायला लावली. तिने ती एका नव्या बाईला दिली. त्या बाईला सहावा महिना आहे, पाठ दुखते, शेक बरा वाटतो.

७. सोमवारी वरच्या मजल्यावर दोन नव्या इस्त्र्या सुरू होणार आहेत. मग वरचा प्रवाह २३ होईल, खटका तेव्हाही पडणार नाही, आणि तारेत ४२ होतील. ही बेरीज आपण स्वतः करून पाहावी.

सबब, माझे उत्तर कोणा जाणत्या माणसाने पाहावे. ते चूक असेल तर मला खुशाल कायमचे नापास करावे, मी पेढे नाही पण आभार तरी नक्की वाटीन. बरोबर असेल तर मला गुण नकोत. व्यवस्थापकांना फक्त एक फोन करावा. त्यांचा क्रमांक सोबत आहे.

आपला नम्र,
(सही)
परीक्षार्थी क्र. ४१७, वायरमन
शुक्रवार, सायंकाळी सहा

सोबत :
१) मोजमापाचे आकडे
२) परिपथाची आकृती, तांबडा गोल म्हणजे त्या बाईचे स्टूल
३) व्यवस्थापकांचा फोन क्रमांक

ता. क. : अर्ज पाठवत असतानाच पत्नी कामावरून आली. इस्त्र्या आज दुपारीच लावून पाहिल्या, आणि सोमवारऐवजी उद्या सकाळी आठला सुरू होणार आहेत. नव्या बाईने आज आपले स्टूल वीतभर पुढे ओढून घेतले, पाठ भाजते म्हणून. त्यामुळे मी उद्या सातलाच पॅनेलच्या कुलपापाशी उभा असेन. आपला फोन गेला असेल तर ते किल्लीने उघडेन, नसेल तर पहारीने. नंतर माझ्याविरुद्ध जो काही अहवाल लिहिला जाईल, त्यात माझे उत्तर ३३ होते एवढे कृपया राहू द्यावे.