दादा किती कर भरतो?

३ मार्च, सोमवार

फसले! अठरा तारखेला वाचनालयात तासभर बोलायचंय — कोणता देश कर कसा घेतो आणि त्या पैशांचं काय करतो. ग्रंथपाल म्हणाले, भाऊ एका देशात, बहीण दुसऱ्यात, तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर मनातून गुदगुल्या होत होत्या.

आईचं आपलं एकच — दादाला विचार. दादा म्हणजे तिच्या गळ्यातला ताईत.

५ मार्च

ताईशी बोलले. तिच्या देशात पगारावर कर नाही. मजा आहे म्हटलं, तर उसळलीच. पोरांची शाळा, दवाखाना, सगळं खिशातून — वीस तारखेला आम्ही ठणठणगोपाळ, म्हणाली.

दादाचा तोरा उलटा. निम्मा पगार सरकार नेतं. हिशेबही तेच करून पाठवतं, आपण फक्त 'बरोबर' म्हणायचं. पण दवाखान्याची चिंता नाही, नोकरी गेली तर घरबसल्या भत्ता! "आणि उरतं ते कुठे ठेवू कळत नाही," म्हणे. एकटा जीव, शोभतं त्याला. आईच्या नव्या गुडघ्याचे व्यायाम घ्यायला बाई येतात, त्यांचे पैसे तोच पाठवतो.

आपल्याबद्दल काय सांगू? कराचा अर्ज भरताना मी दोनदा रडते आणि गल्लीतला दिवा तरीही बंदच.

८ मार्च

घबाड सापडलं! दादाच्या देशात कोणाची कमाई किती, कर किती, कोणीही बघू शकतं. अगदी शेजाऱ्याचंसुद्धा! माझी एक मैत्रीण तिथेच असते — रेडिओ म्हणतो आम्ही तिला. तिला लिहिलं, आमच्या बढाईखोराचं बघ गं जरा. व्याख्यानात घरचंच उदाहरण देते. आई पहिल्या रांगेत बसून फुगेल नुसती.

१० मार्च

रेडिओ गप्प. कधी नव्हे ते.

११ मार्च

तिचा फोन आला. दादाच्या नावापुढे कमाई जवळजवळ नाहीच. तिने ओळखीत विचारलं — नोकरी जाऊन वर्ष झालं. भत्त्यावर राहतोय आणि त्यातूनच इकडे पाठवतोय.

असा राग आला त्याचा. मग रडले. मग हसूच फुटलं — म्हणजे तिकडे कोण कुठली माणसं बर्फ तुडवत कामाला जातात, कर भरतात, आणि त्या पैशांवर आमची आई इथे पलंगावर पाय वर-खाली करते!

तिला कळता कामा नये. व्यायामच बंद करेल ती. घरचं उदाहरण काढून टाकलं.

१६ मार्च, रविवार

दादाचा फोन, आई माझ्या शेजारी. आज तर बढायांचा कहर! नवी गाडी घेतोय म्हणे, बसायची जागासुद्धा गरम होते तिची. आई हसून बेजार. निळी घे म्हणाली.

मी हळूच म्हटलं, माझा पगार वाढलाय, बाईंचं मी बघते.

"तू गप गं. थोरला कोण आहे?"

आई म्हणाली, बघ, याला म्हणतात मुलगा. मी दातओठ खात हो म्हटलं. इतकं धडधडीत खोटं बोलवतं कसं याला?

१८ मार्च

झालं व्याख्यान! आई वाचनालयाच्या तीन पायऱ्या कोणाचा हात न धरता चढली. शेवटी एक गृहस्थ उठले — परदेशात कोण किती कर भरतं त्याचं आपल्याला काय हो? माझी नजर आईच्या गुडघ्याकडे गेली. म्हटलं, पोचतो कधीकधी इथपर्यंत. कोणाला काही कळलं नाही. टाळ्या गल्लीतल्या दिव्यालाच पडल्या.

१९ मार्च

दादाचा निरोप, फक्त मला —

"इथे आपली कमाई कोणी बघितली की बघणाऱ्याचं नाव आपल्याला कळतं. रेडिओचं त्याच दिवशी कळलं. पुढच्या महिन्यापासून बाईंचे पैसे तू दे. गाडी मात्र माझ्याकडे राहू दे."

लिहिलं त्याला — निळीच घे.