बंद पुडीतले बोंबील

१५ जानेवारी, बुधवार
आले: फॉईलचा रोल एक, ९० रु. बोंबील एक वाटा, १०० रु. फरसबी, गाजर, ढोबळी मिरची मिळून ६० रु. लिंबं तीन, २० रु. उदबत्तीचा पुडा, ५० रु. (हा घरखर्चात धरायचा नाही. देवाचा वेगळा.)

फॉईल का घेतली ते लिहून ठेवते, नाहीतर महिनाअखेरीस मलाच प्रश्न पडेल. आमचा विनीत आणि सूनबाई मेघना डोंबिवलीला भाड्याने फ्लॅट बघताहेत. मला कोणी सांगितलेलं नाही. दोघं आतल्या खोलीत बोलत होती, मी दाराशी केर काढत होते, तेव्हा कानावर आलं. केर दुसऱ्यांदा काढत होते, पण घर स्वच्छ असलेलं बरं. मेघना म्हणत होती, तळणीचा वास केसांत बसतो, ऑफिसात सगळे विचारतात. पुढचं पंख्याच्या आवाजात गेलं. पुढचं लागतंय कशाला? वास, हेच कारण. लग्नाला वर्ष झालं नाही आणि एवढ्यासाठी लालबाग सोडायचं!

समोरच्या खोलीतल्या इरावतीने मोबाईलवर दाखवलं. मासे आणि भाज्या फॉईलच्या पुडीत बांधायच्या आणि तव्यावर झाकून ठेवायच्या. तेल नाही, धूर नाही, वास पुडीतल्या पुडीत. वास गेला की फ्लॅट गेला. संकल्प केला आहे: एका महिन्यात दोघांचं मन वळवायचं. गणपतीला रोज एकवीस दुर्वा.

१५ जानेवारी, संध्याकाळी साडेसात
मोबाईलवरच्या बाईने रावस घेतला होता. मी बोंबील. मासा तो मासा. वीस मिनिटं पुडी उघडायची नाही, असं ती दोनदा म्हणाली. तिला घरात दुसरं काम नसेल. मी पाचव्या मिनिटाला उघडून बघितली, मग दहाव्या, मग मीठ आठवेना म्हणून पुन्हा. शेवटी पुडीत बोंबील दिसेचनात. नुसतं पाणी आणि काटे. ह्यांनी वाटीत ओतून घेतलं आणि म्हणाले, सार फक्कड झालंय. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असं इरावती म्हणाली. तिला सवयच आहे वाढवून बोलायची.

१६ जानेवारी, गुरुवार
दत्ताचा वार. भाज्यांच्या पुड्या. फरसबी जरा कडक राहिली. मेघनाने विचारलं, आई, हे सॅलड आहे का? म्हणजे आवडलं. संध्याकाळी तिच्या पर्समध्ये वडापावचा कागद सापडला. पर्स खुर्चीवरून पडणार होती म्हणून मी उचलली, उचलताना उघडली. मी कोणाच्या वस्तूला हात लावत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार
संकष्टी. चूल शांत. वापरलेली फॉईल धुऊन, चिमटे लावून गॅलरीत वाळत घातली. एकदा वापरून फेकायला आपण काय मलबार हिलवर राहतो? हे पेपर बाजूला करून म्हणाले, आज विमान दुरुस्तीला आलंय वाटतं आपल्याकडे.

१९ जानेवारी, रविवार, दुपार
सकाळी बाजारात रखमा कोळणीला बोंबलांचं सांगितलं. ती वरळी कोळीवाड्यातून येते, वीस वर्षांची ओळख, पण तोंड फटकळ. म्हणाली, बाय, बोंबलाला वजनाखाली दाबून पाणी काढायचं असतं, तू त्याला गोधडी पांघरलीस! आणि सगळ्या बायकांसमोर हसली. रावस घ्यावा लागला. भाव लिहीत नाही.

धुतलेल्या फॉईलला बारीक भोकं पडली होती. रस तव्यावर सांडला, धूर झाला. त्यात मी सहा वेळा उघडून खात्री करत होते, म्हणून मोठं नुकसान टळलं.

तीन वाजता दोघांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. भर दुपारी! आमच्या चाळीत दिवसा दार लागतं ते माणसं गावाला गेली की. लोकांना वाटायचं भांडण झालं. म्हणून मी दोनदा उघडलं. एकदा मेघनाला विचारायला, की माशावर लिंबू पिळू का. दुसऱ्यांदा सांगायला, की पिळलं.

२२ जानेवारी, बुधवार
आज फार आशादायक घडलं. सुरमई होती, नवी फॉईल. मेघना ऑफिसातून लवकर आली आणि ओट्याशी उभी राहिली. मी पुडीला हात घातला तर तिने माझा हातच धरला. म्हणाली, आई, बंद केलेलं थोडा वेळ बंद राहू द्या ना. आतलं आपोआप जमतं. सारखं उघडलं की त्याचं काहीच होत नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कांद्याचं. आज मी कांदा घेतला नव्हता, इरावतीकडे चिरत असतील. पोरीला स्वयंपाकात गोडी लागली, हे महत्त्वाचं. ती कपडे बदलायला गेल्यावर मी पुडी उघडून बघितली. मधोमध कच्ची. म्हणजे माझंच बरोबर होतं.

२६ जानेवारी, रविवार
विनीतने सांगितलं. डोंबिवलीचा फ्लॅट ठरला, नऊ फेब्रुवारीला जाणार. मी म्हटलं, अरे, वास तर मी बंद केला! तो म्हणाला, कसला वास? मी म्हटलं, तळणीचा. त्याने मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाला, आई, वासाचं काही नाही गं. दाराचं आहे.

हे अगोदर सांगायला काय झालं होतं? दाराची बिजागरी मेली दोन वर्षं करकरतेय. माणसाची झोपमोड होणारच. अजून चौदा दिवस आहेत. उद्याच तेल घालते.

३१ जानेवारी, शुक्रवार
बिजागऱ्यांना शिवणयंत्राचं तेल घातलं. आता दार लोण्यासारखं उघडतं. इतकं, की आज मी पुडीतला मासा चाखायला घेऊन आत गेले ते मेघनाला कळलंच नाही. ती साडी बदलत होती. केवढ्यांदा ओरडली! बशी पडली. हे बाहेरून म्हणाले, तेल काढता येतं का बघ. ह्यांना प्रत्येक गोष्टीची थट्टा.

मेघनाने रात्री जेवण घेतलं नाही. तेलाचा वास आला असेल.

९ फेब्रुवारी, रविवार
टेम्पो नऊला आला. सामान फार नव्हतं. मेघना पाया पडली, मी ओटी भरली. विनीत म्हणाला, रविवारी येत जाऊ. कुठल्या रविवारी ते म्हणाला नाही. टेम्पोत त्यांची एक बॅग मी उघडून बघणार होते, काही राहिलं तर नाही ना म्हणून. ह्यांनी हात धरला. ह्या घरात सगळ्यांना माझा हात धरायची सवय लागली आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी अकरा
आतली खोली मोकळी. दार सताड उघडं आहे. बघण्यासारखं आत काही नाही, तरी सकाळपासून चारदा बघून आले.

हे डोंबिवलीला निघालेत. पिशवीत चिठ्ठी घातली आहे. नक्कल इथे उतरवून ठेवते.

चि. विनीत व चि. सौ. मेघना यांस अनेक आशीर्वाद. रावसाच्या दोन पुड्या पाठवत आहे. घड्याळ लावून वीस मिनिटं ठेवल्या. मी एकदाही उघडल्या नाहीत. फक्त एकीला टाचणीने भोक पाडून वास घेतला, दुसरीला तेवढंही नाही. दार लावून सावकाश जेवावे. आत काय झालं आहे ते मला ठाऊक नाही. शिजलं की कच्चं राहिलं, ते तुम्हीच उघडून बघावे आणि उलट टपाली कळवावे.